कुंदाच्या पट्ट्या

पुण्यात कुणालाही सांगा, नागपूरला जाऊन आले, की समोरचा आधी संत्र्यांची चौकशी करतो आणि मग उन्हाची. संत्री मी आणली. दिवाळी नुकतीच उरकली होती, त्यामुळे ऊनही बेताचंच होतं. पण मी गेले होते ती अॅल्युमिनियमच्या काही पट्ट्या आणायला. त्या कुरिअरनं मागवता आल्या नसत्या का, असं आमच्या सोसायटीतल्या शेजारीणबाईंनी विचारलं. नसत्या आल्या. का ते सांगते.

माझं काम पृष्ठभाग तपासण्याचं. वस्तूच्या पोटात काय आहे याच्याशी मला देणंघेणं नसतं. तिची सगळ्यात वरची कातडी, तीसुद्धा इतकी पातळ की तिच्यापुढे माणसाचा केस म्हणजे ओंडका, तेवढीच मी बघते. नमुना निर्वात पेटीत ठेवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, आणि त्यातून उडून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांवरून तिथे कोणकोणती मूलद्रव्यं बसली आहेत ते ओळखायचं. पडद्यावर आलेख उमटतो आणि प्रत्येक मूलद्रव्याचा सुळका आपापल्या ठरलेल्या जागी उभा राहतो. नमुन्याला चुकून बोट लागलं तर मात्र धातू राहिला बाजूला, तुमच्या बोटाचं तेल तेवढं दिसतं. म्हणून आमच्या धंद्यातली माणसं जरा सोवळ्यातलीच होतात. मी तर घरी वाण्याच्या पुड्याही चिमटीत धरते, असं कुंदा म्हणायची.

कुंदा माझी सहकारी. मैत्रीण म्हणायला आम्हा दोघींनाही बरीच वर्षं संकोच वाटला, आणि मग म्हणायची गरजच उरली नाही. ती मूळची उमरेडची, विणकराच्या घरातली. प्रयोगशाळेत ती धातूवर लेप चढवायची आणि मी तो तपासायची. आमच्यात एक नियम होता. जिनं केलं तिनं वाचायचं नाही. आपल्या हातचं काम आपल्याला नेहमी गोरंगोमटंच दिसतं, म्हणून दुसरीनं डोळ्यांत तेल घालून त्यात खोट काढायची. मी लग्न केलं नाही, तिनं केलं आणि लवकरच सोडून दिलं. त्यामुळे संध्याकाळी घरी जायची घाई दोघींनाही नसायची. आमचं बहुतेक आयुष्य एका आलेखाच्या दोन बाजूंना बसून भांडण्यात गेलं आणि ते फार चांगलं गेलं.

तिचा शेवटचा लेप सिरियम नावाच्या धातूचा होता. अॅल्युमिनियमवर तो चढवला की हवा, धूळ, ओल यांनी धातू खराब होणार नाही, असा तिचा दावा. दाव्याची परीक्षा घ्यायला तिनं स्वतःचं गाव निवडलं. उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत, उन्हाळा भाजून काढतो आणि पावसाळ्यात चार महिने ओल हटत नाही. मागच्या दिवाळीला ती भावाच्या घरी गेली आणि गच्चीवर लाकडी चौकटीत पट्ट्या लावून आली. वर्षानं काढायच्या, मी वाचायच्या, असं ठरलं होतं. वर्ष व्हायच्या आत, श्रावणात, कुंदाच गेली. आजार छोटा होता म्हणे. मला तो छोटा म्हणता येत नाही.

तो लेप तिच्या हाताचा होता. द्रावणातून पट्टी कधी उचलायची ते ती रंगावरून ठरवायची, आणि तो रंग आमच्यापैकी कुणालाच नेमका पकडता आला नाही. तेव्हा उमरेडच्या गच्चीवर होत्या त्याच शेवटच्या पट्ट्या. लेप टिकलेला निघाला तर दुसऱ्या एका शहरातली प्रयोगशाळा ते काम कुंदाच्या नावानं पुढे न्यायला तयार होती. नाही टिकला तर फाइल बंद. अहवाल मी लिहायचा होता. आमचं स्वतःचं यंत्र बंद पडलेलं होतं, म्हणून नागपूरच्या एका प्रयोगशाळेत वेळ मागून घेतला आणि निघाले.

नागपूर

सकाळी स्टेशनाबाहेर आले तेव्हा थंडी नावापुरती होती. गाडीत झोप झाली नव्हती आणि पोटात कावळे ओरडत होते. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे घेतले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू म्हणजे थाटाची कमाल. इथे पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात आणि तो ओतल्यावर वर विचारतात, "अजून टाकू का जी?" मी नको म्हटलं तर ठेलेवाला म्हणाला, "काहून जी? तिखट लागून राहिलं का?"

मी तशीच उभी राहिले. ठेलेवाल्याचा काही दोष नव्हता. हे "काहून" आणि "लागून राहिलं" मी आयुष्यभर एकाच तोंडून ऐकलं होतं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही कुंदानं ते सोडलं नव्हतं. मी चिडवायची, ती आणखी मुद्दाम बोलायची. ते बोलणं तिचंच आहे, तिच्यासोबत संपलं, असं मी नकळत धरून चालले होते. आणि इथे रिक्षावाले, मेट्रोच्या तिकिटखिडकीवरची मुलगी, वडिलांवर डाफरणारा कॉलेजातला पोरगा, सगळे तिच्यासारखे बोलत होते. अख्खं शहर कुंदासारखं बोलत होतं आणि कुंदा नव्हती. मला रडू आलं. तर्रीच्या नावावर खपवलं.

उमरेडची बस भरलेली होती. शेजारी हिरव्या लुगड्यातल्या एक बाई बसल्या. आमच्याकडे शेजारच्या प्रवाशाकडे न बघणं ही सभ्यता समजली जाते. या बाईंनी बस सुटायच्या आधी माझं गाव, नोकरी आणि मुलंबाळं विचारून घेतली. मुलं नाहीत म्हटल्यावर पिशवीतून बोरं काढून माझ्या ओंजळीत टाकली.

"कोनाकडे चालल्या उमरेडले?"

"मैत्रिणीच्या घरी."

"हाओ का! वाट पाहात असन ना मंग मैत्रीन."

मी बोरं खात राहिले. बाहेर कापसाची शेतं होती, मग विटांच्या भट्ट्या, मग कोळशाचे ट्रक. रस्त्याकडेच्या झाडांची पानं मूळची कुठल्या रंगाची असावीत याचा अंदाज येत नव्हता. कुंदानं परीक्षेची जागा शोधून काढली होती खरी.

उमरेड

कुंदाचे थोरले भाऊ, नथ्थूभाऊ, बसथांब्यावर न्यायला आले होते. उंच, काटक, डोळ्यांना जाड चष्मा. मी त्यांना दवाखान्यात एकदाच पाहिलं होतं. त्यांनी माझी पिशवी हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि घराकडे चालू लागले. घराच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. आता त्याच्यावर रोज काम होत नाही, मुलं नागपुरात नोकरीला आहेत, पण नथ्थूभाऊ सकाळी थोडा वेळ तरी त्याच्यावर बसतात.

मला आधी गच्चीवर जायचं होतं. वहिनींनी ते साफ मोडीत काढलं. "आधी जेवन, मंग काय ते. बाईमानूस एवढ्या दुरून आलं अन् उपाशी वर चढन काय?" पानात पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि रस्सा म्हणजे शिक्षा. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी. वहिनी वाढत राहिल्या.

"कुंदी येवढं तिखट पुन्यात खायाची का जी?" त्यांनी विचारलं.

"डब्यात वेगळी चटणी आणायची. माझ्या भाजीवर पण टाकायची, न विचारता."

वहिनी हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. नथ्थूभाऊ पानावरून उठले.

गच्चीचा जिना अरुंद होता. नथ्थूभाऊ पुढे, मी मागे. चौकट कुंदानं सांगितल्याप्रमाणेच होती, आभाळाकडे तोंड करून तिरकी. आणि चौकटीतल्या पट्ट्या लखलखत होत्या.

वर्षभर उघड्यावर राहिलेलं अॅल्युमिनियम लखलखत नाही. मी जवळ गेले. प्रत्येक पट्टीवर हळदीचं बोट आणि त्याच्यावर कुंकू होतं. चौकटीला झेंडूची माळ बांधली होती. वाळून तिचा चुरा झाला होता.

"हे काय आहे, भाऊ?"

"खंडेनवमीले केलं जी," ते म्हणाले. "मागाची पूजा करतो ना आपन, हत्यारायची. यंदा घरी सन नाही केला. कुंदी गेली, कायचा सन? पन मनात आलं, हे तिची हत्यारं होत. ती नाही तं तिच्या हत्यारायले कोन हळद लावन? पाखरायनं घान करून ठेवली होती. देवाची भांडी घासतो तशी चिंचेनं घासली, चांगली फडक्यानं पुसली."

चिंच म्हणजे आम्ल. आम्लानं चोळलं की वरची कातडी जाते, आणि मला तीच कातडी हवी होती. वर्षभराची हवा, वर्षभराची धूळ, तिच्याखाली टिकलेला किंवा न टिकलेला कुंदाचा लेप, सगळं एका दुपारी भक्तिभावानं घासून काढलेलं. मला इतका संताप आला की गच्चीवरून खाली बघत राहिले. आमच्या घरीही दसऱ्याला पाटीपूजन होतं, गाडीला हार घालतात, पण कुणी सूक्ष्मदर्शक चिंचेनं घासत नाही. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की कुंदा गेल्यापासून तिच्यासाठी एवढं कुणीच काही केलेलं नाही. मीसुद्धा नाही. मी फक्त परवानगीचे ईमेल लिहिले होते.

पिशवीतून हातमोजे काढून चढवले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेले. नथ्थूभाऊ माझ्या हातांकडे बघत होते. ते चौकटीचा स्क्रू काढून द्यायला पुढे झाले होते. त्यांनी आपला हात मागे घेतला आणि धोतराला पुसला.

"हात नव्हता का लावाचा जी?"

"नाही लावायचा."

"कुंदीनं सांगतलं नाही मले."

तिनं सांगितलं नव्हतं हे खरं असणार. तिला वाटलं असेल, गच्चीवर कोण जातंय. बाकी सगळ्याचा विचार करणाऱ्या बाईला आपल्या घरच्यांचा विचार सुचला नाही, हे अगदी तिच्यासारखंच झालं.

मी एकेक पट्टी सोडवली. मागच्या बाजूला मात्र काळी धूळ जशीच्या तशी होती. चौकट भिंतीला इतकी लागून होती की तिथवर कुणाचा हात पोचला नव्हता. स्क्रूखालच्या प्लास्टिकच्या चकत्या काढल्या तर खाली नाण्याएवढे स्वच्छ गोल निघाले. सगळं डब्यात बंद केलं.

निघताना दारात नथ्थूभाऊंनी विचारलं, "माह्या हातानं बिघडलं का तिचं काम? खरं सांगा."

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरं माहीत नव्हतं. "तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," असं म्हटलं. अहवालात शोभणारं वाक्य होतं, दारात शोभणारं नव्हतं.

पुन्हा नागपूर

प्रयोगशाळेतलं यंत्र तिवारी सरांच्या ताब्यात होतं. सर जन्मानं नागपूरचे, घरी हिंदी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी डबा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये क्या है? हळद?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणाले, "देखिए, यात काही नाही निघणार. समोरची बाजू तो गेली. लिहून टाका, नमुने दूषित झाले, निष्कर्ष काढता येत नाही. कुंदा मॅडमचं नाव बी सलामत राहते. प्रॉब्लेम काय?"

काहीच प्रॉब्लेम नव्हता, आणि तोच प्रॉब्लेम होता. तसं लिहिलं तर कुंदाचा दावा खोटा ठरत नव्हता. लेप चांगलाच होता, परीक्षा बिघडली, बिचारी. दुसऱ्या प्रयोगशाळेनं कदाचित तरीही काम हाती घेतलं असतं. फक्त परीक्षा कुणी बिघडवली ते नथ्थूभाऊंना जन्मभर माहीत राहिलं असतं.

यंत्रात आधीच्या कुणाचे नमुने होते, ते निघायला वेळ लागणार होता, तेव्हा मी सीताबर्डीला गेले. स्वेटर, मोबाइलची कव्हरं, बांगड्या, सगळ्यांची नुसती झुंबड. दिवाळीनंतरही लोक इतकं काय घेतात कळत नाही. एका दुकानापुढे दोन बाया, माझ्याच वयाच्या, एका शालीवरून हुज्जत घालत होत्या. एक म्हणत होती, रंग उतरन वं हा, दुसरी म्हणत होती, तुले काय समजते. मी शाल बघायचं सोंग करून त्यांचं भांडण शेवटपर्यंत ऐकलं. त्या शाल न घेताच हसत निघून गेल्या. मी तिथे उभी होते आणि मला कुणाशीही बोलायचं नव्हतं, आणि कुणीतरी बोलावं असंही फार वाटत होतं. एकटेपणा मला नवा नाही. पण पूर्वी तो संध्याकाळी घरी गेल्यावर सुरू व्हायचा, आता दिवसाउजेडी गर्दीत गाठतो.

तेवढ्यात नथ्थूभाऊंचा फोन आला. मागे मागाचा आवाज नव्हता.

"ताई, एकच विचारतो. चिंचेनं घासलं तं निघूनच जाते का हो ते लेप? समदं?"

"भाऊ, मी उद्या सांगते."

"नाही, तुमी करा तुमचं काम. मी आपलं विचारलं."

फोन ठेवल्यावर मी परत गेले आणि तिवारी सरांना म्हटलं, पट्ट्यांची मागची बाजू बघायची आहे. आणि चकतीखालची जागा. आणि समोरच्या बाजूचा एक तुकडा आडवा कापायचा आहे. सर म्हणाले, "मॅडम, बघितलं की मग न बघितल्यासारखं लिहिता येत नाही." मला ते माहीत होतं.

आधी चकतीखालचा गोल पाहिला. सिरियमचे सुळके इतके ठसठशीत उभे राहिले की सर म्हणाले, "वा!" तिथे ना हवा पोचली होती, ना चिंच. कुंदानं लेप चढवला त्या दिवशी तो कसा होता ते तिथे दिसत होतं. सुंदर होता. तिचा हात कुठेही चुकला नव्हता.

मग मागची बाजू, जिच्यावरही लेप चढवलेला होता आणि जिला चिंच माहीतही नव्हती. धूळ हलकेच काढली आणि आलेखाची वाट पाहिली. सिरियमच्या जागी जवळजवळ सपाट रेघ. नुसता ऑक्साइड, म्हणजे धातूचा गंज, जाडजूड. दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच.

मी कुंदाच्या बाजूनं भांडायचा प्रयत्न केला. ती काय म्हणाली असती? मागची बाजू म्हणजे समोरची नव्हे, म्हणाली असती. समोर पाऊस धुऊन काढतो, मागे ओल बसून राहते, तू सोयीची बाजू मोजून राहिली. मुद्दा बरोबर होता. म्हणून समोरच्या बाजूचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. धातूला बारीक खड्डे पडले होते, अरुंद आणि खोल, फडकं पोचणार नाही असे. असे खड्डे पडायला पावसाळा लागतो, पूजेनंतरच्या चार आठवड्यांत पडत नाहीत. आणि त्या खड्ड्यांत खाली कोळशाची धूळ घट्ट बसली होती. तिच्यावर, अगदी तोंडाशी, हळद.

तिवारी सरांनी पडद्याला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं. "धूळ आधी, हळदी बाद में," ते म्हणाले. "म्हणजे दसऱ्याच्या आधीच खड्डा होता."

लेप पावसाळ्यातच गेला होता. नथ्थूभाऊंनी चिंच उचलली तेव्हा जपण्यासारखं तिथे काही उरलेलंच नव्हतं. त्यांनी लावलेल्या हळदीमुळेच ते सिद्ध झालं. कुंदाचा दावा चुकीचा होता.

मी आलेखाच्या पलीकडच्या खुर्चीकडे बघितलं. तिवारी सर चहा सांगायला गेले होते.

पुन्हा उमरेड

हे फोनवर सांगता आलं असतं. सरांनी तसं सुचवलंही. मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले. या खेपेला शेजारी एक आजोबा होते. त्यांनी काही विचारलं नाही आणि मला वाईट वाटलं.

नथ्थूभाऊ मागावर नुसतेच बसले होते. मला पाहून उठले आणि उभेच राहिले. वहिनी आतून आल्या.

"भाऊ, तुमच्यामुळे काही झालेलं नाही," मी सरळ सांगून टाकलं. "लेप दसऱ्याच्या आधीच गेला होता. पावसाळ्यातच. तुम्ही घासलं नसतं तरी काही फरक पडला नसता. आम्ही मागची बाजू पाहिली, खड्डेही पाहिले. पक्कं आहे."

"माह्यानं नाही झालं?"

"नाही."

"अजून एक वेळ सांगा."

"तुमच्या हातानं काही बिघडलं नाही, भाऊ."

ते मागाच्या बाकावर बसले. चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. वहिनी म्हणाल्या, "पाह्य बाप्पा, तुमी गेल्यापासून अन्न गोड लागत नव्हतं यायले. मले तं सांगून राहिले, म्या बहिनीचं काम बुडवलं." मग त्या आत गेल्या, आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

नथ्थूभाऊंनी चष्मा पुन्हा घातला. सुटल्यासारखे दिसत होते. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे कुंदीचंच चुकलं."

"हो."

"लेप नाही टिकला."

"चढवला तेव्हा उत्तम होता. चकतीखाली अजून आहे. पण टिकला नाही."

"तुमी आता हे लिहून देनार."

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता ते म्हणतील, लिहू नका. बहीण होती त्यांची. पण ते म्हणाले, "तिनं हे मानलं असतं का जी?"

"लगेच नाही. आठवडाभर भांडली असती. मोजणी चुकली म्हणाली असती, मग यंत्र चुकलं म्हणाली असती. मग एक दिवस येऊन म्हणाली असती, ठीक हाय, मी दुसरा लेप करून राहिली, तू पाहत राह्य."

मी तिचं बोलणं तिच्यासारखं बोलले होते. आयुष्यात पहिल्यांदाच. नथ्थूभाऊ मोठ्यानं हसले, आणि हसता हसता रडू लागले, आणि मीही. वहिनी कप घेऊन दारात थांबल्या. कुंदा गेल्यापासून मी कुणाच्या सोबतीनं रडले नव्हते. ते बरं वाटलं. असं म्हणणं विचित्र आहे, पण बरं वाटलं.

चहा झाल्यावर मी त्यांना एक पट्टी दिली, न कापलेली, हळदीच्या बोटासकट. त्यांनी ती उघड्या हातांनी घेतली, मागे-पुढे फिरवून पाहिली आणि मागाच्या खांबाला टेकवून ठेवली.

"एक विचारू का जी, ताई?" ते म्हणाले. "ती मानत नव्हती तं तुमच्यासंगं भांडायची. तुमी चुकल्या तं तुमच्यासंगं भांडायची. मंग आता तुमच्यासंगं कोन भांडन?"

"कुणी नाही, भाऊ."

वहिनींनी सुटीत येत जा म्हटलं, डब्यात पाटोडी बांधून दिली, आणि रस्सा वेगळा, गाडीत सांडू नये म्हणून.

पुण्याला आल्यावर दोन दिवस मी अहवालाला हात लावला नाही. कपडे धुतले, संत्री सोसायटीत वाटली, उन्हाच्या चौकशांना उत्तरं दिली. रस्सा थोडा थोडा करून संपवला. तो अजूनही माझ्या ताकदीबाहेरचा आहे. मग सोमवारी प्रयोगशाळेत जाऊन लिहायला बसले. पद्धत लिहिली, नमुने कुठे होते ते लिहिलं, हळदीचंही लिहिलं, जसं घडलं तसं. शेवटी निष्कर्षाच्या जागी लिहिलं की लेप बाहेरच्या हवेत टिकला नाही.

वाक्य पूर्ण करून मी थांबले. उगाचच थांबले, दाराकडे पाठ करून, बराच वेळ. कुणीच हरकत घेतली नाही. मग मी खाली सही केली.